एक मिलिमीटर शिसे

३ एप्रिल १८९५. मलाकंद खिंडीच्या पायथ्याशी एका खडकाआड तुम्ही पोटावर पडून आहात. पेशावरच्या उत्तरेला, स्वातच्या खोऱ्यात उतरणारी ही वाट आहे. वर कड्याच्या काठाने दगड रचून केलेले मोर्चे आणि त्यांच्यामागे स्वात-बाजौरकडचे लोक. कुणाकडे तलवार, कुणाकडे जुनी बंदूक. ज्यांच्याकडे तेही नाही ते वरून शिळा लोटताहेत. खाली जनरल लो यांची फौज आहे. तिला चित्रळला पोचायचे आहे, कारण तिथल्या किल्ल्यात ब्रिटिशांची एक छोटी तुकडी महिनाभर अडकून पडली आहे.

तुमच्या शेजारून गॉर्डन हायलँडर्स चढताहेत. त्यांच्या हातातली बंदूक नीट पाहा. ही ली-मेटफर्ड, १८८८ साली ब्रिटिश सैन्यात आलेली. तिची गोळी .३०३ इंचाची, म्हणजे शाळेतल्या पेन्सिलीपेक्षा किंचित जाड. वजन १४ ग्रॅम, सव्वा तोळ्याच्या आतच. आता बाजूच्या डोंगरावरून चढणाऱ्या शीख आणि गाइड्स पलटणींच्या शिपायांकडे पाहा. त्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री आहे, एका वेळी एकच काडतूस घेणारी. तिची शिशाची गोळी पावणेतीन तोळ्यांच्या आसपास. सत्तावन्नच्या उठावानंतर हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुने हत्यार द्यायचे, हा सरकारचा रिवाज. तो तुम्हाला इथे या एकाच उतारावर दिसतो आहे.

वरून एक तरुण धावत खाली येतो. ली-मेटफर्डची गोळी त्याच्या दंडातून पलीकडे जाते. कापडावर तांबडा ठिपका उमटतो, तो वाढतो, पण तरुण थांबत नाही.

तो पडला नाही याचे तुम्हाला नवल वाटते, कारण गोळी लागलेला माणूस मागे फेकला जाताना तुम्ही पडद्यावर शेकडो वेळा पाहिला आहे. तो फेकला जात नाही. हिशेब अगदी साधा आहे. सेकंदाला ६०० मीटर वेगाने आलेली १४ ग्रॅमची गोळी ६०-७० किलोच्या माणसात सगळीच्या सगळी अडकून राहिली, तरी तिच्यामुळे त्याला मिळणारा वेग सेकंदाला १२ ते १४ सेंटिमीटर. रांगणारे मूलही याहून जलद जाते. शिवाय बंदुकीचा दस्ता झाडणाऱ्याच्या खांद्याला जेवढा ढकलतो, त्याहून जास्त ढकलणे गोळीला शक्यच नाही. झाडणारा उभा राहतो, मग ज्याला लागली तो का उडावा?

माणूस कोसळतो तो वेगळ्या कारणांनी. मेंदूला किंवा कण्याला इजा झाली तर, मांडीचे हाड मोडले तर, रक्त फार गेले तर, किंवा मनाने हाय खाल्ली तर. प्रत्यक्ष हृदयाला गोळी लागली तरी मेंदूपुरता प्राणवायू दहा-पंधरा सेकंद शिल्लक असतो. उतारावरून धावणाऱ्या माणसाला तेवढ्यात पन्नास पावले सहज टाकता येतात. ज्याने घरादारासाठी मरायचे ठरवले आहे तो ती टाकतो.

या मोहिमेतून परतलेल्या अधिकाऱ्यांनी याचा अर्थ वेगळा लावला. त्यांची तक्रार अशी की नवी गोळी माणसातून आरपार जाते, भोक पाडते, पण माणसाला अडवत नाही. जुनी मार्टिनी अडवायची. अनेक गोळ्या खाऊन चालत दवाखान्यात आलेल्या पठाणांच्या कहाण्या छावण्यांतून फिरू लागल्या आणि कलकत्त्यापर्यंत पोचल्या.

चला तर मग कलकत्त्याला.

वर्ष १८९७. शहराच्या ईशान्येला सात-आठ मैलांवर लष्करी छावणी आहे आणि तिच्या कुशीत दारूगोळ्याचा कारखाना. गावाचे नाव दमदम. मराठी माणसाच्या कानाला हे नाव परके वाटू नये. आपल्या बखरींत मोर्चे आणि दमदमे जोडीने येतात. दमदमा म्हणजे तोफ चढवण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा. फारसीतून आलेला हाच शब्द बंगालमध्ये गावाचे नाव होऊन बसला. पुढे बंगालच्या तोफखान्याचे ठाणे इथेच होते.

आत शिरण्याआधी पायाखालच्या जमिनीकडे एकदा बघा. चाळीस वर्षांपूर्वी, जानेवारी १८५७ मध्ये, इथल्याच एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले. शिपायाने जात काढली. तेव्हा खलाशी म्हणाला की लवकरच तुमची जात कुठली राहणार, नव्या काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी आहे आणि ते तुम्हाला दातांनी तोडायचे आहे. ही कुजबूज बराकपूरला पोचली आणि मार्चअखेर मंगल पांडेने बंदूक उचलली. काडतुसाची ती हकीगत वरसईच्या गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्येही आहे. एकाच गावाने चाळीस वर्षांच्या अंतराने दोन काडतुसे जगाला दिली. पहिल्याने साम्राज्य हादरले. दुसऱ्याची गोष्ट आता तुमच्यासमोर घडते आहे.

आत उकाडा आहे. पट्ट्यांवर फिरणारी यंत्रे, पितळेच्या चकत्या, दाबून दाबून लांब होत जाणाऱ्या नळ्या. एका बाजूला कॉर्डाइट, विलायतेहून आलेली धूर न करणारी दारू. तिच्या काड्या हुबेहूब शेवयांसारख्या दिसतात. एका पुढ्यात शिशाच्या कांड्या आणि दुसऱ्यात तांबे-निकेलच्या मिश्रणाच्या टोप्या. कांडी टोपीत बसते, दाब पडतो आणि गोळी तयार होते.

ही टोपी मुळात आली कशी, ते आधी सांगायला हवे. शेकडो वर्षे गोळी म्हणजे उघडे शिसे. शिसे मऊ, नखाने ओरखडा उठतो इतके. ते अंगात शिरले की चपटे होई, म्हणजे पसरणारी गोळी हा काही दमदमचा शोध नाही. त्याआधीची जवळजवळ प्रत्येक शिशाची गोळी कमी-अधिक पसरतच होती आणि शिकाऱ्यांच्या गोळ्या तर मुद्दाम पोकळ टोकाच्या बनत. मग १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये धुराविना जळणारी दारू तयार झाली. गोळीचा वेग एवढा वाढला की उघडे शिसे नळीतल्या पेचदार खाचांत सोलून निघू लागले. उपाय तोवर सापडलेला होता. एदुआर्द रुबिन या स्विस अधिकाऱ्याने १८८२ च्या सुमारास शिशावर कठीण धातूचे वेष्टण चढवले होते. हेतू नळी स्वच्छ ठेवण्याचा आणि गोळी सरळ जाण्याचा. जखम लहान होऊ लागली, हा त्याचा आनुषंगिक परिणाम. युरोपातल्या शल्यचिकित्सकांनी त्याचे स्वागत केले. लढाई त्यातल्या त्यात माणुसकीची होईल असे त्यांना वाटले.

इथे, या शेडमध्ये, कारखान्याचे प्रमुख कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले तीच टोपी टोकापाशी थोडी मागे घेत आहेत. थोडी म्हणजे किती? गोळी उचलून डोळ्यांजवळ धरा. निकेलच्या रुपेरी चकाकीतून राखाडी शिशाचा एक ठिपका डोकावतो आहे, सुमारे एक मिलिमीटर. बाकी सगळे तेच. तेच वजन, तीच दारू, तीच बंदूक. ना स्फोटक, ना विष, ना स्प्रिंग. सरकारी दप्तरात हिचे नाव ‘मार्क दोन स्पेशल’. जग तिला गावाच्या नावाने ओळखणार आहे.

तुम्ही ऐकलेल्या दंतकथा इथेच खाली ठेवा. दमदम गोळी अंगात स्फोट पावते, असे आजही छापून येते. स्फोट पावणारी बंदुकीची गोळी खरोखर होती. रशियाने ती १८६० च्या दशकात बनवली आणि स्वतःच तिला घाबरून १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला राष्ट्रांना बोलावले. ४०० ग्रॅमपेक्षा हलके कुठलेही स्फोटक अस्त्र युद्धात वापरायचे नाही, असे तिथे ठरले. ती गोळी वेगळी. दमदमच्या गोळीत पेटणारे असे काहीच नाही. जे काही होते ते तुमचेच शरीर तिच्याकडून करवून घेते.

ते कसे, हे पाहण्यासाठी आता काळ मंद करावा लागेल. त्यासाठी बर्नला जाऊ.

स्वित्झर्लंडमधल्या या शहरात थिओडोर कोखर नावाचे शल्यचिकित्सक आहेत. पुढे १९०९ साली कंठग्रंथीवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळेल. पण १८७० च्या दशकापासून त्यांना दुसराही ध्यास आहे. गोळी अंगात शिरल्यावर नेमके काय घडते, हे त्यांना पाहायचे आहे. ते पाण्यावर गोळ्या झाडतात, काचेवर झाडतात, दगडावर झाडतात. त्यांचा प्रयोग तुमच्यापुढे मांडतो. दोन सारखे पत्र्याचे डबे, एक रिकामा आणि एक पाण्याने काठोकाठ भरलेला. रिकाम्या डब्याला गोळी लागली की दोन भोके पडतात, बस. भरलेल्याला लागली की पत्रा उलगडून फाटतो. गोळी तीच. फरक पाण्याचा.

माणसाचे शरीर भरलेल्या डब्याच्या जवळचे. मांस, यकृत, मेंदू, सगळ्यात पाणी. पाणी दाबले तरी आकसत नाही, ते बाजूला सरते. गोळी सेकंदाला ६०० मीटर वेगाने आली तर हातभर अंतर कापायला तिला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. एवढ्या घाईत पाण्याला बाजूला सरायला वेळ मिळत नाही आणि गोळीच्या टोकावर प्रचंड दाब येतो.

आता क्षण थांबवा. टोक पूर्ण झाकलेले असेल तर निकेलचे कवच तो दाब झेलते आणि गोळी आकार न बदलता पुढे जाते. टोकाला एक मिलिमीटर शिसे उघडे असेल तर दाब त्या मऊ जागी पोचतो. शिसे मागे आणि बाजूंना ढकलले जाते. ते पसरताना कवचाची कड आतून रेटते, कड फाटते आणि केळ्याच्या सालीसारखी मागे वळते. गोळीला अळंब्याची टोपी येते. व्यास दुप्पट झाला तर समोरचे क्षेत्रफळ चौपट होते. पेन्सिलीची टोचणी होती तिथे आता मूठ घुसल्यासारखे होते. गोळी झपाट्याने मंदावते आणि जी ऊर्जा पलीकडे घेऊन जाणार होती ती आतच टाकते.

यातून दोन पोकळ्या तयार होतात. एक कायमची, म्हणजे गोळीने चिरडलेली वाट. दुसरी क्षणभराची. बाजूला फेकलेले मांस फुग्यासारखे ताणले जाते आणि पुन्हा मिटते. स्नायू आणि फुप्फुस लवचिक असल्याने ते हे ताणणे पुष्कळदा सोसतात. यकृत आणि मेंदू सोसत नाहीत, फाटतात. हाड वाटेत आले तर त्याच्या ठिकऱ्या उडतात आणि प्रत्येक ठिकरी स्वतःच गोळीसारखी पुढे जाते. बघणाऱ्याला वाटते, आत काहीतरी फुटले. स्फोटाची दंतकथा इथून निघाली. तिला खोटारडेपणा म्हणता येणार नाही. जखम पाहणाऱ्याने आपल्या परीने लावलेला तो अर्थ होता.

हे सगळे घडायला वेग लागतो. फार लांबून, दमलेल्या गोळीला पसरण्याइतका दाब मिळत नाही आणि ती पूर्ण कवचाच्या गोळीसारखीच वागते. पोकळ टोकाची गोळी जाड कापडाच्या तंतूंनी बुजली तर तीही पसरत नाही. त्यामुळे ‘दमदम लागली की खलास’ हेही खरे नाही. उलट बाजूने, पूर्ण कवचाची गोळी सौम्य, हेही खरे नाही. जवळून मांडीच्या हाडावर बसली तर तिनेही पाय जातो.

आता पुन्हा सरहद्दीवर, तिराहला या. १८९७ चा नोव्हेंबर आहे. दर्गाईचा कडा २० ऑक्टोबरला पडला. जनरल लॉकहार्टची फौज आफ्रिदी पठाणांच्या खोऱ्यात उतरली आहे, गावे आणि बुरूज जळताहेत. गोऱ्या पलटणींच्या पट्ट्यांत दमदमची काडतुसे आहेत. तुम्ही एका जळक्या घराच्या भिंतीपाशी उभे आहात. आत एका खाटेवर पडलेल्या माणसाचा हात कोपरापासून खाली सांधता येण्यासारखा उरलेला नाही. आत शिरलेल्या जागी छोटे भोक, बाहेर पडलेल्या जागी हाताच्या पंज्याएवढी उघडी जखम. त्याच्यासाठी शल्यचिकित्सक नाही, क्लोरोफॉर्म नाही, डोली नाही. नंतरच्या सगळ्या वादात जखमेच्या आकाराची चर्चा होईल. ती जखम घेऊन माणूस कुठे पडला होता, याची होणार नाही. मला ते जास्त महत्त्वाचे वाटते.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, थोडे उत्तरेला, विन्स्टन चर्चिल नावाचा बावीस वर्षांचा लेफ्टनंट याच लढायांचे वृत्तांत लिहीत होता. पुढच्या वर्षी आलेल्या पुस्तकात त्याने दमदम गोळी स्फोटक नाही, पसरणारी आहे, हे अचूक लिहिले. तांत्रिक दृष्टीने ती सुंदर आहे असेही लिहिले. हाडाला लागल्यावर अवयव कापावाच लागतो, हेही. म्हणजे गोळी झाडणाऱ्यांना ती काय करते हे पक्के ठाऊक होते. अज्ञानाची सबब इथे चालणार नाही.

पुढचे टप्पे भरभर ओलांडू. दमदमच्या गोळीचे कवच मागूनही उघडे आणि पुढूनही. शिसे पुढे निसटून कवच नळीतच अडकेल ही भीती विलायतेतल्या तज्ज्ञांना होती. म्हणून वुलिचला पोकळ टोकाच्या गोळ्या निघाल्या, मार्क तीन, चार आणि पाच. त्यांनी बंगालचे तोंडही पाहिले नव्हते, तरी लोक त्यांनाही दमदमच म्हणू लागले. त्यातली मार्क चार १८९९ साली सरावातच कवच नळीत टाकू लागली आणि मागे घ्यावी लागली. १८९८ मध्ये सुदानात, अतबाराच्या लढाईआधी, गोरे शिपाई छावणीत बसून साध्या गोळ्यांची टोके कानशीने घासत होते. त्यांच्यापुढे महदीचे अनुयायी होते. सरहद्दीवर पठाण, नाईलकाठी दरवेश. युरोपातल्या शत्रूसाठी ही गोळी काढली आहे असे कुणी म्हणत नव्हते.

याच वर्षी जर्मनीत ट्युबिंगनचे प्राध्यापक पाउल फॉन ब्रुन्स यांनी शवांवर गोळ्या झाडून भयंकर जखमा जगापुढे मांडल्या आणि युरोप हादरला. त्या जखमा खऱ्या होत्या, गोळी मात्र दमदमची नव्हती. ती माउझर बंदुकीची शिकारीची गोळी होती, तिचे शिसे बरेच लांबवर उघडे होते आणि ती जवळून झाडलेली होती. ॲबर्डीनचे सर अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी ही चूक दाखवून दिली. पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूची ओळख पटवणारे ते हेच. त्यांचा मुद्दा बरोबर होता. पण त्याचा आधार घेऊन दमदम निरुपद्रवी ठरवणाऱ्यांनी तिराहमधल्या खाटेपाशी एकदा यायला हवे होते. एका बाजूने अतिशयोक्ती केली म्हणून दुसरी बाजू निर्दोष होत नाही.

आता १९१४. एव्हाना युद्धात पसरणाऱ्या गोळीवर बंदी आली आहे, ती कशी ते शेवटी पाहू. फ्रान्स आणि बेल्जियमच्या चिखलात तुम्ही अर्धा मिनिटच थांबा. दोन्हीकडचे सैन्य एकमेकांवर दमदम वापरल्याचा आरोप करते आहे. कैसरने सप्टेंबरात थेट अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांना तार करून तक्रार केली. दवाखान्यांत मोठमोठ्या जखमा येताहेत, हे खरेच. पण त्यांतल्या पुष्कळ पूर्ण कवचाच्या, नियमात बसणाऱ्या गोळ्यांच्या आहेत. १९०५ च्या सुमारापासून गोळ्या टोकदार झाल्या. टोकदार गोळीचे वजन मागे असते. हवेत तिला फिरकी सरळ ठेवते, पण मांसात शिरताच ती डळमळते, आडवी होते आणि पाठ पुढे करून जाते. आडवी झालेली गोळी अळंब्याइतकीच रुंद वाट पाडते. ब्रिटिशांनी १९१० च्या मार्क सात गोळीत टोकाला शिशाऐवजी हलके ॲल्युमिनियम घातले. पाठ आणखी जड झाली. कवच पूर्ण, म्हणजे कायदा शाबूत.

एकदा आपल्या काळाच्या जवळ या. १९८० च्या दशकातली सॅन फ्रान्सिस्कोमधली लष्करी प्रयोगशाळा, मार्टिन फॅकलर यांची. व्हिएतनाममध्ये जखमींवर शस्त्रक्रिया केलेले हे शल्यचिकित्सक आता जिलेटिनच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडतात. दहा टक्के जिलेटिन, चार अंश तापमानाचे. ठोकळा पारदर्शक असल्याने गोळीची वाट डोळ्यांना दिसते. पूर्ण कवचाची गोळी ठोकळा भेदून पलीकडे जाते, पसरणारी आत थांबते. पसरणारी गोळी जास्त भेदक असते आणि चिलखत फोडते, ही दंतकथा इथे मोडते. ती कमी भेदते. जर्मनीसह अनेक देशांच्या पोलिसांकडे आज पसरणाऱ्या गोळ्या असतात त्या याच कारणाने. गजबजलेल्या रस्त्यावर गोळी गुन्हेगारातून निघून मागच्या माणसाला लागू नये. शिकारीतही जनावर तडफडत राहू नये म्हणून हीच गोळी वापरतात. ‘दमदम गोळीवर जगभर बंदी आहे’ आणि ‘ती बंदी जिनिव्हा कराराची आहे’ ही दोन्ही विधाने चुकीची. बंदी युद्धातल्या वापरावर आहे आणि तिचे गाव हेग.

शेवटचा प्रवास तिथेच.

१८९९ चा उन्हाळा. शहराबाहेरच्या झाडीतला हाउस टेन बॉश हा राजवाडा. रशियाच्या झारच्या बोलावण्यावरून २६ राष्ट्रांचे प्रतिनिधी मे महिन्यापासून इथे बसले आहेत. भिंतींवर छतापर्यंत राजपुत्र फ्रेडरिक हेन्रीच्या विजयाची चित्रे. तुम्ही हिंदुस्थानातून आला आहात, पण तुमच्यासाठी खुर्ची नाही. आशियातून चीन, जपान, इराण, सयाम आणि तुर्कस्तान आहेत. दमदम ज्या देशात आहे त्या देशाच्या वतीने इंग्लंडच्या बाकावरून बोलले जाते आहे.

त्या बाकावरून मेजर जनरल सर जॉन आर्डा उठतात. त्यांचे म्हणणे लक्ष देऊन ऐका, कारण ते इतिवृत्तात नोंदले जाते आहे. सुसंस्कृत शिपायाला गोळी लागली की त्याला कळते, आता मागे जाऊन उपचार घ्यावेत. रानटी माणूस तसा नाही. दोन-तीन वेळा आरपार भोसकला गेला तरी तो धावत येतो आणि तुमचे डोके उडवतो. त्याला अडवायला अशी गोळी हवीच.

मलाकंदच्या उतारावरचा तरुण आठवा. मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरणारा प्राणवायू प्रत्येक माणसाच्या अंगात असतो, हायलँडरच्याही. शरीरशास्त्राचा तो साधा नियम इथे वंशाचा दोष होऊन उभा राहिला आहे. या गोळीविषयीची सगळ्यात मोठी दंतकथा हीच, असे माझे ठाम मत आहे. स्फोटाची, फेकले जाण्याची, विषाची, या सगळ्या तिच्यापुढे किरकोळ. बाकीच्या दंतकथा अडाणी माणसांनी पसरवल्या. ही एका सेनापतीने शांतता परिषदेत मांडली आणि तिच्या जोरावर माणसे मारली गेली.

रशियाचे प्रतिनिधी त्यांना उत्तर देतात की रानटी आणि सुसंस्कृत असा भेद करता येणार नाही, दोघेही माणसेच आहेत. अमेरिकेचे कॅप्टन विल्यम क्रोझियर वेगळा आक्षेप घेतात. गोळीच्या बनावटीचे वर्णन करून बंदी घातली, तर उद्या दुसऱ्या बनावटीची तितकीच क्रूर गोळी सुटून जाईल. बंदी परिणामावर घाला, शत्रूला निकामी करण्यापलीकडे विनाकारण क्रूर जखम करणाऱ्या प्रत्येक गोळीवर. १९१४ पाहून आलेल्या तुम्हाला माहीत आहे की त्यांची भीती खरी ठरली. पण ते ज्या बाजूने उभे होते ती बाजू दमदम राखून ठेवणारी होती, म्हणून सभागृहाने त्यांचा शब्द घेतला नाही.

जुलैत मतदान होते. बाजूने २२, विरुद्ध दोन, ब्रिटन आणि अमेरिका. पोर्तुगाल तटस्थ. ब्रिटनने सही केली ती आठ वर्षांनी, १९०७ मध्ये. अमेरिकेने कधीच केली नाही.

सभागृह रिकामे झाले आहे. टेबलावर तो कागद आहे, जेमतेम काही ओळींचा. वाकून वाचा. मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या वापरायच्या नाहीत. उदाहरण म्हणून, ज्यांचे कठीण वेष्टण गाभ्याला पूर्ण झाकत नाही अशा. त्या एक मिलिमीटरचे हे कायदेशीर वर्णन. इथवर वाचून बहुतेक लोक थांबतात. तुम्ही थांबू नका. खाली आणखी एक वाक्य आहे. हे बंधन करार करणाऱ्या राष्ट्रांवर, त्यांच्या आपसातल्या युद्धापुरतेच लागू राहील.

तिराहच्या आफ्रिदींनी करार केलेला नव्हता. त्यांना कुणी बोलावलेच नव्हते.